रिमॅप केल्यावर ॲव्हरेज खरंच वाढतं का?

मंडळी, गाडी रिमॅप करायचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायचा विचार आहे, मदत हवी आहे. माझी २०२१ ची पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल. मूळ ताकद ११० पीएस, टॉर्क (ओढ) १७५ एनएम. पुणे-कोल्हापूर हायवेला १८ मिळतं, शहरात कसंबसं १२.

ट्यूनरवाला म्हणतो, स्टेज १ (पार्ट न बदलता, फक्त सॉफ्टवेअरच्या) रिमॅपनंतर खालच्या आरपीएमलाच टॉर्क मिळतो, खंबाटकी घाटात सारखा गिअर पाडावा लागत नाही, म्हणून पेट्रोल वाचतं. पटतंय, पण बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला की जोरात दाबल्यावर पेट्रोलही जास्त जाणारच ना? आणि माझा उजवा पाय काही संत नाही!

कुणी रिमॅपआधी आणि नंतर टाकी फुल करून हिशोब काढलाय का? मीटरवरचा आकडा नको, तो रिमॅपनंतर फसवू शकतो. शिवाय ९५ ऑक्टेनचं महाग पेट्रोलच टाकावं लागलं, तर वाचलेले पैसे पंपावरच जातील. वॉरंटी संपलीय. क्लच टिकतो का, तेवढं जरूर सांगा.