मदत हवी आहे : कॅम यंत्रातील ‘एच’ पट्ट्या उतरत नाहीत, आतले दूषण कसे काढावे?

नमस्कार.

इंग्लंडमधील आपत्कालीन सेवांच्या एका प्रशिक्षण केंद्रात मी उपकरणांची देखभाल पाहतो. विषारी रासायनिक अस्त्रांची वाफ ओळखणारे, पूर्वी सैन्याच्या वापरात असलेले एक केमिकल एजंट मॉनिटर (कॅम) आमच्याकडे सरावासाठी आहे. गेल्या सरावात एका प्रशिक्षणार्थीने, यंत्र नीट ओळखते का हे तपासण्याच्या चाचणीनळीचे मस्टर्ड वायूसाठीचे टोक यंत्राच्या तोंडाशी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ धरून ठेवले. त्या टोकात मिथाइल सॅलिसिलेट असते, म्हणजे आपल्या सांधेदुखीच्या बाममधले गंधपुरा तेलच, आणि ते किती चिवट असते हे बाम लावून झोपणाऱ्याच्या उशीला विचारावे.

तेव्हापासून ‘एच’ मोडमध्ये, म्हणजे मस्टर्ड वायूच्या, वाफेचे प्रमाण दाखवणाऱ्या पडद्यावरच्या पट्ट्या शून्यावर येत नाहीत. ‘जी’ मोड, म्हणजे नर्व्ह एजंटचा (मज्जासंस्थेवर मारा करणाऱ्या विषाचा), मात्र चाचणीला नीट प्रतिसाद देतो आणि नंतर स्वच्छही होतो. तोंडावरचा बाहेरचा भाग बदलला, वाहनांच्या धुरापासून दूर मोकळ्या हवेत यंत्र चालवले. पट्ट्या थोड्या उतरल्या, पण यंत्र रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू केले की पुन्हा चढलेल्या दिसतात.

आत ३७० मेगाबेकरेलचा निकेल-६३ हा किरणोत्सारी स्रोत असल्यामुळे यंत्र उघडण्याचा प्रश्नच नाही. मग दोष आत येणाऱ्या वाफेच्या वाटेत आहे, की आतली हवा कोरडी व स्वच्छ ठेवणारा मॉलिक्युलर सीव्ह संपृक्त झाला आहे, हे बाहेरून कसे ठरवावे?

उत्तर :

आपण दिलेल्या लक्षणांवरून सीव्हवर एवढ्यात दोष ठेवू नये असे मला वाटते, कारण तो ओलाव्याने निकामी झाला असता तर दोन्ही मोड बिघडले असते. आतल्या पृष्ठभागांना चिकटलेली वाफ यंत्र बंद असताना हळूहळू सुटते आणि साचते, म्हणून सकाळी पट्ट्या चढतात. आतली हवा त्याच सीव्हमधून पुन्हा पुन्हा फिरत असल्याने ही वाफ शोषली जाण्यास वेळ लागतो. तेव्हा बॅटऱ्या बदलत यंत्र मध्ये बंद न करता ‘एच’ मोडमध्येच चालू ठेवावे. स्पिरिट किंवा ब्लीच तोंडात घालून पुसण्याचा मोह टाळावा. त्या खोलीत बाम, मेन्थॉलच्या गोळ्या, आफ्टरशेव्ह किंवा सुगंधी जंतुनाशकाने पुसलेली फरशी नाही ना, हेही पाहावे, कारण यांतल्या कशानेही खोटा इशारा मिळू शकतो.

एवढे करूनही पट्ट्या एकाच पातळीवर अडून राहिल्या, तर सीव्ह बदलण्यासाठी यंत्र परवानाधारक कार्यशाळेकडेच पाठवावे, आणि ते तेथे जाईलच तर स्रोताची गळती-चाचणीही त्याच फेरीत करून घ्यावी. सलग चालवल्यानंतर पट्ट्या कशा बदलतात, ते कृपया येथे लिहावे.