शिरगणती, खानेसुमारी की प्रत्यक्ष गणना?

प्रश्न : अमेरिकेतल्या युटा राज्याने २००० च्या जनगणनेवरून लढवलेल्या खटल्याविषयी लिहिते आहे. तिथल्या राज्यघटनेतल्या ‘ॲक्च्युअल एन्युमरेशन’साठी मी ‘प्रत्यक्ष गणना’ लिहिलंय, पण ते फार सपाट वाटतं. ‘खानेसुमारी’ चालेल? आणि ‘अपोर्शनमेंट’ म्हणजे परिसीमनच ना?

उत्तर : परिसीमन नको. त्यात मतदारसंघांच्या हद्दी आखतात. इथे प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा राज्यांत लोकसंख्येप्रमाणे विभागायच्या आहेत. मी ‘वाटणी’ म्हणेन. वाटप देणाऱ्याच्या हातात असतं, वाटणीत घेणाऱ्याचा हक्क असतो. म्हणून तर राज्यं कोर्टात जातात.

‘खानेसुमारी’ मला फार आवडतो, पण नेमका इथेच तो घात करेल. फारसीत खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. मराठीत मात्र त्याच शुमारचं ‘सुमारे’ झालं, म्हणजे अंदाज! आणि मोजणी कुठे संपते, अंदाज कुठे सुरू होतो, हाच तर युटाचा खटला. ज्या पत्त्यांवरून वारंवार जाऊनही माहिती मिळाली नाही, तिथली माणसं जवळच्या, तशाच घरावरून धरली गेली. अशी सुमारे १२ लाख. ती धरल्यामुळे शेवटची जागा युटाऐवजी नॉर्थ कॅरोलायनाला गेली.

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युटाचं म्हणणं फेटाळलं. न्या. ब्रायर यांच्या बहुमताच्या निकालानुसार त्या शब्दांनी मोजण्याची एकच रीत बांधून दिलेली नाही. न्या. थॉमस यांनी अठराव्या शतकातले कोश काढून उलट मत मांडलं : गणनेत अंदाज बसत नाही. ‘शिरगणती’ लिहिलंत तर तुम्ही थॉमस यांच्या बाजूने निकाल देऊन मोकळ्या व्हाल, ‘खानेसुमारी’ लिहिलंत तर ब्रायर यांच्या. तुमचा सपाट शब्दच ठेवा.

आणखी एक मत : पटलं. पण थॉमस यांचं म्हणणं समजावताना ‘डोकी मोजणं’ जरूर वापरा, तिथे ते शोभतं.

प्रश्नकर्ती : वापरते. आता ‘इम्प्युटेशन’, म्हणजे जवळच्या घरावरून माणसं धरण्याची ती रीत? कोशात ‘आरोपण’ दिसतं, त्याला आळ घेतल्याचा वास येतो.

उत्तर : खरंय. शिवाय १९९९ मध्ये याच न्यायालयाने जागांच्या वाटणीसाठी नमुना पाहणी कायद्यात बसत नाही म्हटलं होतं, तेव्हा ‘नमुन्यावरून’ असंही लिहू नका. त्या दोन वेगळ्या रीती आहेत. ‘शेजारावरून धरलेली संख्या’ कशी वाटते? लांब आहे, पण वाचणाऱ्याला काय घडलं ते दिसतं.