कार्डांसाठी डिजिटल चित्रं काढून चित्रकार स्वतःचंच नुकसान करतोय का?

शाईचा डाग:
ट्रेडिंग कार्ड गेमसाठी, म्हणजे चित्रांची कार्डं जमवून, अदलाबदल करून खेळायच्या खेळासाठी, सात वर्षं चित्रं काढतोय, सगळी टॅबलेटवर. आता वाटतं, फसलो. १९९३ मध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' हा असाच खेळ आला तेव्हा चित्रं कागदा-कॅनव्हासवर व्हायची. छापायचे हक्क कंपनीकडे, पण चित्र चित्रकाराच्या घरी. कार्ड गाजलं की मूळ चित्रालाही भाव यायचा. मला मानधन एकदाच, आणि हाती उरते चाळीस लेयरची, म्हणजे एकावर एक चाळीस थरांची, फाइल. ती काय भिंतीवर टांगू? ज्याला जमेल त्यानं शेवटचं चित्र तरी हातानं रंगवावं.

टॅबलेटवाली:
आणि रंग वाळेपर्यंत आर्ट डायरेक्टरला बसवून ठेवावं! गेल्या महिन्यात ड्रॅगन पूर्ण रंगवून झाल्यावर निरोप आला, पंख चौकटीत कापला जातोय. पंख वेगळ्या लेयरवर होता म्हणून दोन तासांत सुटले. तैलरंगात असतं तर ड्रॅगनही गेला असता आणि मीही.

शिवाय कार्ड केवढं? ६३ बाय ८८ मिलिमीटर. नाव, नियम, चौकट वजा जाता चित्राला काडेपेटीएवढी जागा. मी मधूनमधून चित्र अंगठ्याएवढं करून, रंग काढून नुसतं करड्यात बघते. आकृती पार्श्वभूमीत बुडत असेल तर चिलखतावरची नक्षी कोरत बसण्यात अर्थ नाही. ही तपासणी पडद्यावर एका बटणाची आहे.

मातकट:
काडेपेटी मान्य. पण पोकेमॉनच्या कार्डांसाठी युका मोरिई मातीच्या मूर्ती करून त्यांचे फोटो देतात, आणि ते कार्ड गठ्ठ्यातून लगेच ओळखू येतं. टॅबलेटवाल्यांचा मागून निळा, पुढून नारिंगी उजेड ठरलेला. नावं झाकून दहा कार्डं ठेवा, कोणाचं कुठलं ते सांगा बघू.

टॅबलेटवाली:
ब्रीफच, म्हणजे चित्र कसं हवं ही कंपनीची सूचनाच, तशी येते हो. उजेड टॅबलेट ठरवत नाही.

गठ्ठा पिसणारा:
मी नुसता खेळणारा, तरी बोलतो. डिसेंबर २०२३ मध्ये मॅजिकच्या कंपनीनं सांगितलं की अंतिम चित्रांत जनरेटिव्ह एआय, म्हणजे स्वतःच चित्र तयार करणारं सॉफ्टवेअर, चालणार नाही. जानेवारीत त्यांच्याच एका जाहिरातीवर शंका घेतली गेली. आधी म्हणाले माणसानंच केलंय, मग काही भाग एआयचे निघाल्याचं कबूल केलं. तेव्हापासून चकचकीत चित्र दिसलं की मी आधी बोटं मोजतो, कारण एआय बोटांत चुकतं. कॅनव्हासवाल्यावर ही वेळ येत नाही.

शाईचा डाग:
अगदी. मागच्या कामाला एआय वापरलं नाही ना हे बघायला माझ्याकडून रफपासूनचे सगळे टप्पे मागवले. पाठवले, पण कमीपणा वाटला.

टॅबलेटवाली:
कमीपणा कसला? सुताराला रंधा दाखवायला लाज वाटते का? आणि पैशाचंच दुखणं असेल तर आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे चित्रकाराला मिळणाऱ्या त्याच्या कार्डाच्या खास प्रती, आहेत की. मागची बाजू कोरी असते, त्यावर स्केच काढून विक. संग्राहक आवडीनं घेतात.

शाईचा डाग:
विकतो की. पण परवा एक मुलगा माझं कार्ड घेऊन सहीला आला. तळाच्या बारीक अक्षरांतलं माझं नाव त्यानं आधीच शोधलं होतं. "मूळ चित्र बघायला मिळेल?" म्हणाला. मी फोनवर फाइल उघडून दिली. क्षणभर बघून म्हणाला, "हे तर कार्डावर आहेच."