मदत हवी आहे: ६ पीपीसीच्या रीमरला नेक ०.२६२ की ०.२६९?

मंडळी, बेंचरेस्टच्या (टेकूवर रायफल ठेवून अचूक नेमबाजी) बॅरलसाठी ६ पीपीसी या काडतुसाचा रीमर (बॅरलमध्ये चेंबर कापायचं हत्यार) करून घ्यायचा आहे आणि नेकच्या, म्हणजे बुलेट धरणारी काडतुसाची मान चेंबरमध्ये जिथे बसते त्या भागाच्या, मापावर गाडी अडली आहे.

०.२६२ इंचाचा हिशोब असा: बुलेट ०.२४३, नेकची भिंत दोन्ही बाजूंना ०.००८५, म्हणजे भरलेल्या राउंडची नेक ०.२६० आणि एकूण मोकळीक ०.००२. ०.२६९ घेऊन तेवढीच मोकळीक ठेवली तर भिंत ०.०१२ चालते, टर्निंगही (नेकचं पितळ बाहेरून कापून पातळ करणं) बरंच वाचतं. पण जाड भिंतीला बुलेटवरची पकड प्रत्येक केसमध्ये (काडतुसाचा पितळी कोश) सारखी राहते का? खरा प्रश्न हाच आहे.

०.२६२ ची भीती वेगळी. टर्न न केलेली केस चुकून आत गेली तर नेकला फुगायला जागा नाही, बुलेट सुटत नाही आणि प्रेशर एकदम चढतं. त्यामुळे बॅरलवर नेकचं माप कोरून घेणारच.

आणखी दोन शंका. बुलेटच्या बुडाजवळची प्रेशर रिंग बाकी अंगापेक्षा किंचित जाड भरते. मोकळीक तिच्यावरूनच धरायची ना? मायक्रोमीटरला तीच आधी लागते. दुसरं, ६ पीपीसी ज्या केसपासून बनवतात त्या .२२० रशियनची नेक ६ मिमीला उघडताना खांद्याचं जाड पितळ नेकच्या मुळाशी सरकतं आणि आत कडं तयार होतं. ते टाळायला टर्निंगचा कटर खांद्यात किती उतरवता?

दोन्ही मापं वापरलेल्यांनी भिंतीची जाडी, बुशिंगचं (नेक आवळणाऱ्या डायमधली रिंग) माप आणि किती फायरिंगनंतर नेक चिरली एवढं आकड्यांत सांगा.