मिझोरामची 'मूठभर तांदूळ' पद्धत सांगलीकडच्या मंडळीत चालेल का?

कृष्णाकाठ

प्रभूमध्ये सलाम. मिरज तालुक्यातली आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) ५८ घरांची. मुळात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची, १९७० पासून उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या रोजच्या तांदळातली मूठ बाजूला काढून त्यावर मोठे सेवाकार्य चालवतात, तसे इथे महिला मंडळाच्या पुढाकाराने सुरू करावे असा विचार आहे. त्या पैशातून मिरजेत दवाखान्यात आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण द्यायचे आहे.

अडचणी अशा : आमच्याकडे भाताइतकीच भाकरी. बरीच घरे रेशनच्या धान्यावर. पंधराएक कुटुंबे पुण्या-मुंबईला. डबा, गोळा करणे, साठवण, हिशोब याबद्दल नेमके सांगा.

ऐझॉलकर

मिझो भाषेत याला 'बुहफाई थाम' म्हणतात. बुहफाई म्हणजे कांडून साफ केलेला तांदूळ, थाम म्हणजे मूठ. स्वयंपाकासाठी तांदूळ मापून घेतला की धुण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात जाते. मूठ घरच्यांसाठी घेतलेल्या मापातूनच निघते, पोत्यातून वेगळी नाही. फरक छोटा वाटतो, पण सगळी पद्धत यावरच उभी आहे. पोत्यातून काढायची म्हटली की "आज राहू दे, महिनाअखेरीला एकदम घालू" असे होते आणि दोन महिन्यांत डबा रिकामा दिसायला लागतो.

गोळा करण्याचे काम 'कोहरान ह्मेइछिया', म्हणजे मंडळीतल्या बायकांची संघटना करते. तांदूळ विकला जातो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, वेगळा. त्याची विभागणी तीन खात्यांत होते : 'पाथियन राम' सिनडच्या (मंडळ्यांच्या वरिष्ठ सभेच्या) कामासाठी, 'रामथिम' बाहेरच्या मिशनकार्यासाठी आणि 'तुअलछुङ' स्थानिक मंडळीसाठी. कुठल्या खात्यात किती हे देणारा स्वतः लिहितो. तुम्हीही मुठीचे पैसे मंडळीच्या सामान्य फंडात मिसळू नका. पाळकांचा पगार थकला की आधी याच डब्याकडे नजर जाईल.

बायकांच्या जोड्या करा, एका जोडीकडे आठ-नऊ घरे. ५८ घरांना सात जोड्या पुरतील. वार आणि वेळ ठरलेली हवी. तुमच्याकडे दिवसा घरे बंद असतील, म्हणून संध्याकाळ बरी. दारात दोन मिनिटे थांबून कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, कोण दोन रविवार उपासनेला दिसले नाही हे विचारायचे आणि त्याच रात्री पाळकांना कळवायचे. तांदळापेक्षा हे मोलाचे आहे. मंडळीच्या वडिलांची (एल्डरांची) भेट वर्षातून एकदा-दोनदा होते, ही भेट दर आठवड्याला होईल.

धान्यकोठार

आधी आकडे. मोठ्या माणसाची मूठ साधारण ५० ग्रॅम. मिझोराममध्ये दोन्ही वेळा भात, म्हणून घरटी महिन्याला ३ किलो निघतो. तुमच्याकडे भात एकदाच धरला तर दीड किलो, ५८ घरांचे ८७ किलो. बाहेरगावची पंधरा घरे सोडली तर ६४-६५ किलो. पहिल्या वर्षी ५० किलोचाच हिशोब धरा. डबा दोन लिटरचा द्या. त्यात तांदूळ सव्वा-दीड किलोच्या पुढे जातो, म्हणजे महिनाभर पुरतो आणि भरत आलेला डोळ्यांना दिसतो. मोठा डबा कायम अर्धवट दिसतो, मग माणसाचे मन मागे हटते.

ज्वारीचे गणित वेगळे. भाकरीला आपण पीठ घेतो, धान्य नाही, आणि पिठाची मूठ घेऊ नका. ज्वारीचे पीठ काही आठवड्यांत कडू पडते, बाजरीचे तर फारच लवकर. म्हणून ज्वारीची मूठ रोज काढायची नाही. दळणाचा डबा भरतानाच एक ओंजळ वेगळी काढायची. आठवड्याला दळण असेल तर महिन्याला पाऊण किलोच्या आसपास जमते.

आता काय बिघडते ते. इंद्रायणी, कोलम, जाडा तांदूळ एका पोत्यात गेले की एक शिजेपर्यंत दुसऱ्याचा लगदा होतो. असला तांदूळ भाताला कोणी घेत नाही, पण पेज, आंबोळी, इडलीच्या पिठाला उत्तम चालतो. तेव्हा तीन पोती ठेवा : बारीक, जाडा, मिश्र. जोडीने दारातच डोळ्यांनी पाहून ठरवायचे.

पोरकिडे एका घरच्या डब्यातून सगळ्या पोत्यात जातात, म्हणून एकत्र करण्याआधी प्रत्येक डबा ताटात ओतून बघा. किडलेला निघाला तर त्या घराला न दुखावता तो बाजूला चाळायचा. तांदूळ कडक उन्हात वाळवू नका, तडकतो आणि कणी होते. सावलीत पसरा. ज्वारीला ऊन चालते. पोते जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून नको, खाली फळी घाला. जून ते सप्टेंबर माल पंधरा दिवसांच्या वर ठेवूच नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल, पण पाऱ्याच्या गोळ्या, बोरिक पावडर अजिबात नको. हे धान्य आजाऱ्यांच्या घरच्यांच्या पोटात जायचे आहे.

जमाखर्च

रेशनच्या धान्याबद्दल स्पष्ट सांगतो. रेशनवर मिळालेले धान्य विकणे गुन्हा आहे, मंडळीसाठी विकले तरी. त्या घरांकडून मूठ घ्या, नाकारू नका. गरिबाचे दान परत पाठवण्याइतके वाईट काही नाही. पण ते धान्य विक्रीच्या पोत्यात जाऊ देऊ नका, थेट जेवणाच्या पातेल्यात जाऊ द्या. रेशनच्या तांदळात पोषणतत्त्वे घातलेले दाणे असू शकतात, शंभराला एक. ते जरा वेगळे दिसतात म्हणून बायका 'प्लॅस्टिकचा तांदूळ' समजून निवडून टाकतात. जोड्यांना हे आधी समजावून सांगा.

वही एकच, रकाने सहा : तारीख, जोडी, धान्याचा प्रकार, वजन, विक्रीचा दर, सही. घराघराचे वजन लिहायचे नाही, जोडीचे एकत्र लिहायचे. नावानिशी आकडे फलकावर लागले की ज्यांच्या घरात कमी शिजते ती माणसे लाजेने थांबतात. वजन दोघींनी मिळून करायचे आणि तिसरीने लिहायचे. दर गावातल्या दोन दुकानांत विचारून त्यातला कमी धरा. रोख पुढच्या दोन दिवसांत बँकेत भरा. घरात ठेवलेल्या पेटीवरूनच मंडळ्यांत भांडणे लागतात.

ट्रस्टच्या हिशोबात धान्यरूपाने आलेले दान किमतीसह जमा दाखवा आणि जेवणात वापरले ते खर्चात दाखवा. धान्याच्या दानाला प्राप्तिकरातली, ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत नसते, तेव्हा तशी पावती फाडू नका.

कृष्णाकाठ

रेशनचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. एक प्रश्न उरतो. तरुण संघाचे म्हणणे आहे की एवढा खटाटोप कशाला, घरटी महिन्याला १०० रुपये यूपीआयने घ्या. हिशोबही सोपा.

ऐझॉलकर

हिशोब सोपा होईल, पण १०० रुपये ज्याला जड जातात तो पहिल्याच महिन्यात गळेल. मूठ कोणालाच जड नाही. मोलकरणीची मूठ आणि शिक्षकाची मूठ डब्यात ओळखू येत नाही. शिवाय पैसे घरातला एकच माणूस पाठवतो, तर मूठ पोरेही टाकतात. यूपीआय बाहेरगावच्या पंधरा घरांसाठी ठेवा, पण वर्गणी म्हणून नको. विक्रीचा तांदूळ ठरल्या दराने त्यांनी विकत घ्यावा आणि तोच स्वयंपाकाला परत द्यावा. त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला नको आणि ती घरेही जोडलेली राहतात. मंडळीतल्या हंगामाच्या सणाला लिलावात जसे आपण दिलेलेच केळी-नारळ चढ्या भावाने परत घेतो, तसेच हे.

पातेले

जेवणाबद्दल. १०० माणसांच्या खिचडीला तांदूळ ८ किलो, मूगडाळ ३ किलो, तेल दीड लिटर, मीठ चवीनुसार पण कमीच, कारण खाणाऱ्यांत बीपीची माणसे असतात. मिश्र पोत्यातला तांदूळ खिचडीला चालतो, डाळीबरोबर मऊच शिजवायचा असतो. शिजल्यापासून दोन तासांत वाढून संपवा. झाकून कोमट ठेवलेला भात वरून चांगला दिसतो, पण त्यात जंतू वाढतात आणि पुन्हा गरम केला तरी त्यांचे विष जात नाही. उरलेले दुसऱ्या दिवशी वाटू नका.

दवाखान्याच्या आवारात वाटायचे असेल तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी काढा. अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणीही लागते, धार्मिक संस्थेने फुकट वाटले तरी. मिरजेला वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये दवाखाना उघडला तेव्हापासून कर्नाटकातले पेशंट येतात, म्हणून वाढणाऱ्यांत कानडी बोलणारी एक तरी बाई असू द्या. रांगेत पत्रिका वाटू नका, वाढण्याआधी प्रार्थनेला उभे करू नका. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि अशा वेळी घेतलेला होकार आपण होकार समजू नये. कोणी आपणहून प्रार्थना करायला सांगितली तर पेशंटचे नाव आणि वॉर्ड लिहून घ्या आणि त्याच संध्याकाळी जा.

वार निवडताना आधी चौकशी करा. गुरुवारी आणि शनिवारी बऱ्याच ठिकाणी इतर संस्थांचे अन्नदान असते. सोमवारी किंवा मंगळवारी सहसा कमी असते.