रामसेजच्या सिनेमातून सोन्याचा नाग काढून टाकायचा का?

गोदाकाठी (धागाकर्ता)

रामसेज किल्ल्याच्या वेढ्यावर मोठा ॲक्शनपट यायला हवा असं नाशकात कुणालाही विचारा, हो म्हणेल. मीही म्हणतो. पण हल्ली या चर्चेत एक मागणी हमखास येते: मांत्रिक, नाग असल्या भाकडकथा काढा, धूळ, घाम, रक्त दाखवा, म्हणजे खरा इतिहास दिसेल. या मागणीला माझा विरोध आहे.

प्रसंग थोडक्यात सांगतो. 1682 मध्ये औरंगजेबाने मराठ्यांच्या ताब्यातल्या रामसेजवर आपल्या शहाबुद्दीन खान या सरदाराला पाठवलं. किल्ला पेठ रस्त्याला, आशेवाडीच्या डोक्यावर. साल्हेरसारखा बेलाग मुळीच नाही, चालणारा माणूस तासाभरात माथ्यावर पोचतो. तरीही तो वर्षानुवर्षं झुंजला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्या कातड्याने मढवल्या. शहाबुद्दीन हटला, खानजहान बहादूर आला. त्याच्या पागेतल्या एका मोतद्दाराने, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या नोकराने, भुतं वश असल्याचं सांगून शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग घडवून घेतला. तो हातात धरून हा गडी फौजेच्या पुढे चालू लागला आणि किल्ल्यावरून आलेला गोफणीचा दगड छातीत बसून आडवा झाला. पुढे किल्ला गेला तो नव्या किल्लेदाराच्या फितुरीने.

नागाची ही गोष्ट कुणा भाविकाने मागाहून जोडलेली नाही. ती मोगलांच्या बाजूच्या खाफीखान या इतिहासकाराने लिहिली आहे. लाकडी तोफाही त्यानेच लिहिल्या. एकाच माणसाच्या एकाच वृत्तांतातल्या तोफा इतिहास आणि नाग भाकड, ही वाटणी कुठल्या आधारावर?

आर्थर राजाच्या आख्यायिकेवरचा 2004 चा हॉलिवूडपट आठवा. मर्लिन या जादूगाराची जादू काढली, आर्थरला रोमन सैन्यातला अधिकारी केलं, त्याचे सरदार सार्मेशियन (गवताळ प्रदेशातल्या भटक्या टोळ्यांतले) घोडेस्वार केले आणि आख्यायिकेमागचं सत्य म्हणून लोकांपुढे ठेवलं. त्यात थोडं तथ्य आहे. सम्राट मार्कस ऑरेलियसने इसवी सन 175 मध्ये साडेपाच हजार सार्मेशियन स्वार ब्रिटनमध्ये धाडले होते. लुसियस आर्टोरियस कास्टस नावाचा रोमन अधिकारीही होऊन गेला. पण सिनेमा घडतो पाचव्या शतकात आणि कास्टस त्याच्या कितीतरी आधीचा. शिवाय त्यात लान्सलॉट हा आर्थरचा सरदार आहे, जो बाराव्या शतकातल्या क्रेतियँ द त्रुआ या फ्रेंच कवीच्या काव्यांतून पुढे आला! जादू तेवढी गेली. कल्पित सरदार तसाच राहिला, फक्त त्याच्या अंगाला चिखल लागला.

पेठरोड

पूर्ण असहमत. दादा, नाग ठेवलात की लोक नागच लक्षात ठेवतात. शाळेच्या सहलीत आम्हाला रामसेजची गोष्ट सांगितली तेव्हा त्यात होतं काय? रामरायाची कृपा आणि मांत्रिकाची फजिती. त्या तोफा बनवल्या कुणी, लाकूड कुठून आणलं, किल्ल्यावर खाल्लं काय, याबद्दल एक शब्द नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं उपाशीतापाशी बुरूज राखले त्यांचं श्रेय आपण देवाला आणि योगायोगाला देऊन टाकलं. त्यांना न्याय द्यायचा तर घाम-मातीचाच सिनेमा हवा.

लाकडी तोफ कशी होते ते दाखवा ना. ओंडका आतून कोरायचा, वरून ओलं कातडं ताणून चढवायचं, ते वाळलं की लाकडाला आवळून धरतं. तरीही प्रत्येक बाराला तोफ फुटायची भीती आणि बत्ती द्यायला माणूस लागतोच. तो माणूस मला पडद्यावर पाहायचाय.

आणि खानजहानाचा तो हल्ला! एका बाजूने गाजावाजा करून फौज चढवायची आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसं गुपचूप वर पाठवायची, असा त्याचा बेत होता. किल्लेदाराने तो ओळखला. त्यानेही एकीकडे नगारे वाजवून गोंगाट केला आणि दुसरीकडे माणसं चिडीचूप दबा धरून बसवली. दोर लावून वर आलेले कड्यावरून खाली गेले. यापेक्षा मोठा ॲक्शन प्रसंग कुठे मिळणार? त्याच्या शेजारी नाग आणून ठेवला की शत्रू मूर्ख दिसतो, आणि मूर्खांना हरवणारा किल्लेदार आपोआप लहान होतो.

नागलीची_भाकर

तोफेच्या प्रसंगावर पेठरोड यांना माझा पाठिंबा, पण करड्या रंगाला खरेपणा समजू नका. हल्ली ऐतिहासिक सिनेमा म्हणजे सगळं राखाडी, प्रत्येक चेहरा काळवंडलेला, प्रत्येक मोगल सुरमा घालून दात खाणारा. आपल्याकडचा पावसाळा कुणी पाहिलाय की नाही? आषाढात रामसेजचा उतार इतका हिरवा असतो की डोळे निवतात. त्याच हिरवळीवर पाय घसरून माणसं मेली असतील, त्याच पावसात दारू भिजून तोफा गप्प बसल्या असतील. वेढ्यात असे कितीतरी पावसाळे गेले. खालच्या छावणीत चिखल आणि हगवण, वर टाक्यांना भरपूर पाणी पण चुलीला कोरडं लाकूड नाही. हे दाखवायला वेगळा रंग फासावा लागत नाही.

(दिंडोरीच्या बाजूला कॅमेरा फिरवला तर द्राक्षबागा दिसतील, तेवढं मात्र जपा.)

त्र्यंबकची_लेक

मला गोदाकाठींचं पटतं, आणि त्याला एक घरचं कारण आहे. दादासाहेब फाळके 1870 मध्ये आमच्या त्र्यंबकेश्वरात जन्मले. 'राजा हरिश्चंद्र' नंतर त्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवलं. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, कृष्ण केला आणि बाबांनी तो नाग पडद्यावर आणला. लोकांनी तो डोळे भरून पाहिला. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक उभारणाऱ्या गावाने अद्भुताला एवढं घाबरावं? अद्भुत काढलं म्हणजे सिनेमा प्रौढ होतो, हे मला मान्य नाही.

पेठरोड

ताई, फाळक्यांनी पुराण दाखवलं आणि पुराण म्हणूनच दाखवलं. प्रेक्षकाला ठाऊक होतं की आपण कृष्णलीला पाहतोय. रामसेजच्या सिनेमाच्या सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी येणार. त्या पाटीखाली मंत्रतंत्र दाखवलं की ते खरं म्हणून घरोघरी जातं. आजही गुप्तधनाच्या नादाने माणसांचे बळी जातात. मी हा मुद्दा सोडणार नाही.

रानवाट

दोन्ही बाजू नागावर अडकल्यात. खाफीखान किल्लेदाराचं नाव देत नाही. सिनेमात मात्र नायकाला नाव लागतं, आई लागते, लग्न झालेलं लागतं, जखमी झाल्यावर डोळ्यांत पाणी आणणारी बायको लागते. हे सगळं नव्याने रचलं जाईल आणि पाच वर्षांनी तेच नाव चौकातल्या फलकावर येईल. नाग निदान जुन्या लेखणीतून आलाय. ही बनावट आजची असेल आणि चिखला-रक्ताने माखलेली असल्यामुळे तिच्यावर कुणी शंकाही घेणार नाही.

माझी सूचना: त्याला पूर्ण सिनेमाभर नाव देऊ नका. माणसं 'किल्लेदार' म्हणूनच हाक मारतील, तशीही तेव्हा मारत असतील.

सिडकोचा_मावळा

रानवाट यांच्या सूचनेने तिकीट विकलं जाणार नाही. बिननावाच्या नायकावर पैसे कोण लावणार?

गोदाकाठी

पेठरोड, तुमच्या आक्षेपाला उत्तर देतो, कारण तो सगळ्यात वजनदार आहे. ही गोष्ट पुन्हा वाचा. तीत चमत्कार घडतच नाही. मंत्र फसतो, दगड लागतो, माणूस पडतो. अंधश्रद्धेची एवढी उघडी हार दाखवणारा प्रसंग हाताशी असताना तो कापायचा?

आणि शत्रू मूर्ख दिसण्याबद्दल. खानजहान साधा माणूस नव्हता, औरंगजेबाच्या मोठ्या सेनापतींपैकी एक होता. असा मुरलेला सरदार पागेतल्या माणसाचं ऐकून शंभर तोळे सोनं काढून देतो, तेव्हा छावणीची काय अवस्था झाली असेल? शहाबुद्दीनने किल्ल्याशी बरोबरी करणारा लाकडी दमदमा (तोफा चढवायचा उंच मनोरा) उभारला, तो फुकट गेला. खानजहानाचा दुहेरी हल्ला फुकट गेला. बादशहाला काय उत्तर द्यायचं? वाटांवर रुपाजी भोसले आणि मानाजी मोरे या मराठा सरदारांची माणसं टपलेली. या टेकडीवर भुतं असल्याची कुजबुज शिपायांत आधीच असणार, नाहीतर भुतं वश असलेल्या माणसाची गरज का पडावी? ती भीती किल्लेदाराने लाकडाच्या तोफांनी कमावली होती. नाग काढलात तर त्याच्या कामगिरीचा सगळ्यात मोठा पुरावा काढलात.

सिनेमात हा प्रसंग संगीताशिवाय घ्यावा. मागे हजारो माणसं, पुढे हातात सोनं घेऊन चालणारा एक मोतद्दार, आणि वर तटावर गोफण फिरवणारा पोरगा, ज्याला तो नाग आहे की काठी हेसुद्धा दिसत नाही.

पेठरोड

तो पोरगा केंद्रस्थानी असेल तर मी प्रसंग ठेवायला तयार आहे. पण 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी मग नको. 'खाफीखानाने लिहिलेल्या हकिकतीवरून' अशी पाटी लावा, आणि शेवटची फितुरी गाळू नका. लाच घेणारा आपलाच होता, तेही त्याच पडद्यावर दिसलं पाहिजे.