सल्ला हवा: मशीन शॉपसाठी एलईडी हायबे घेताना वॅट सोडून काय बघायचं?

पत्र्याखालचा
मंडळी, शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. शेड ४० बाय ६० फूट, ट्रसपर्यंत (छताच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत) उंची २२ फूट. सहा लेथ, दोन सीएनसी, एक रेडियल ड्रिल आणि कोपऱ्यात तपासणीचं टेबल. आधी २५० वॅटचे आठ मेटल हॅलाइड (जुन्या पद्धतीचे बल्बवाले दिवे) होते. गेल्या वर्षी त्यातले चार काढून १५० वॅटचे गोल एलईडी हायबे (उंच छतावरून टांगायचे दिवे) लावले. आठ महिन्यांत तीन गेले. दुकानदार म्हणतो वॉरंटी आहे, पण "व्होल्टेजमुळे गेलं असेल तर नाही". आता सगळेच बदलायचेत, पुन्हा तोच मूर्खपणा करायचा नाहीये. कुठला घेऊ? दोन पाळ्या चालतात.

चोकवाले आप्पा
गेलेले तिन्ही एकाच फेजवर होते का, ते आधी सांगा.

पत्र्याखालचा
आप्पा, हो! तीन फेजांपैकी तिन्ही दिवे वाय फेजवर. तुम्हाला कसं कळलं?

चोकवाले आप्पा
तीस वर्षं ट्रसवर चढतोय बाबा. डीबीतली (वीज वाटणाऱ्या पेटीतली) न्यूट्रलची लिंक, म्हणजे न्यूट्रलच्या वायरी जोडायची पट्टी, उघडून बघा. ढिली किंवा काळी पडलेली असणार. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी त्या फेजवर ३५०-४०० व्होल्ट जातात. जुन्या दिव्यातला तांब्याच्या तारेचा चोक तेवढ्यानं तापायचा, गुरगुरायचा, पण मिनिटभर तग धरायचा. एलईडीचा ड्रायव्हर (त्याला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट) खाटकन जातो.

आणि दुकानदार "१० केव्ही सर्ज प्रोटेक्शन आहे" म्हणाला असेल तर त्यावर जाऊ नका. ते विजेच्या झटक्यासाठी, क्षणाच्याही बारीक भागापुरतं. न्यूट्रल सुटून पाच मिनिटं ४०० व्होल्ट आले तर त्याचा काही उपयोग नाही. त्यासाठी ४४० व्होल्ट सहन करणारा ड्रायव्हर वेगळा मिळतो. तसं डेटाशीटवर लिहिलेलं मागायचं, तोंडी नको.

ल्युमेनताई
आप्पांना शंभर टक्के अनुमोदन. मी दिवे डिझाइन करणाऱ्या टीममध्ये काम करते (कंपनीचं नाव सांगणार नाही, जाहिरात नको), म्हणून थोडं आतलं सांगते.

मेटल हॅलाइडचा बल्ब उष्णता समोर फेकतो, वरच्या टोपीचं काम फक्त उजेड खाली वळवायचं. एलईडीची उष्णता मात्र चिपच्या पाठीमागे साचते, त्यामुळे दिव्याचा सगळा सांगाडाच रेडिएटर झाला. खरा फरक इथे पडतो. घेताना हातात उचलून बघा. त्याच वॅटचा एक दिवा हलका आणि दुसरा जड असेल, तर हलक्यात ॲल्युमिनियम वाचवलंय असं समजा. नेहमीच असं नसतं, पण बहुतेक वेळा असतं.

दुसरं, ड्रायव्हर कुठे बसवलाय ते बघा. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये तुमच्या पत्र्याखाली किती तापतं ते तुम्हीच सांगा! ड्रायव्हर चिपच्या पाठीला चिकटवलेला नको, मध्ये हवा खेळायला फट हवी आणि चार स्क्रू काढून बदलता आला पाहिजे. चिप पटकन मरत नाहीत, मरतो तो ड्रायव्हर. ६०० रुपयांच्या भागासाठी अख्खा दिवा भंगारात घालायचा का?

तुमच्याकडे कूलंटची वाफ आणि ऑइल मिस्ट आहे, म्हणून आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाणारा) दिवा हवाच. पण लेन्स पॉलीकार्बोनेटची असेल तर काही तेलांनी त्यात बारीक तडे जातात, दिवा धुरकट होतो. तिथे टफन्ड काच बरी.

रात्रपाळी
ताई, गोल दिव्याच्या वरच्या फिन्समध्ये (उष्णता सोडणाऱ्या पट्ट्यांमध्ये) धूळ आणि तेल बसून लोणी होतं त्याचं काय? आमच्या फाउंड्रीत सहा महिन्यांत फिन्स दिसेनाशा झाल्या. मग कसली उष्णता बाहेर जाणार?

ल्युमेनताई
बरोबर आहे. म्हणूनच फाउंड्रीसाठी मी लांबट, उभ्या आणि विरळ फिन्सचा दिवा सुचवते, धूळ खाली गळून पडते. गोल दिवा दिसायला देखणा आणि पॅकिंगला स्वस्त, पण सगळीकडे चालत नाही. मशीन शॉपमध्ये चालेल, वर्षातून दोनदा ब्लोअर मारलात तर.

चोकवाले आप्पा
एक राहिलं, आणि ते जिवाशी येणारं आहे. आपली वीज ५० सायकलची, म्हणजे स्वस्तातला दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. लेथवर काम पकडणारा तीन जॉचा (जबड्यांचा) चक २००० आरपीएमला फिरला की सेकंदाला बरोबर १०० जॉ डोळ्यांसमोरून जातात. चक थांबल्यासारखा दिसतो आणि पोरगं हात घालतं. पूर्वी आम्ही शेजारशेजारचे दिवे आर, वाय, बी अशा वेगवेगळ्या फेजवर टाकायचो ते ह्याचसाठी. ड्रायव्हर-ऑन-बोर्डवाले (ड्रायव्हर चिपच्याच पाटीवर असलेले) स्वस्त दिवे लेथवर अजिबात नकोत. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर परत करा.

ल्युमेनताई
आता हिशेब. २४०० चौरस फूट म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. सगळीकडे ३०० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) धरले, भिंतीत-छतात जाणारा उजेड आणि पुढची धूळ वजा केली, तर साधारण १,३०,००० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) लागतील. वॅटला १३० ल्युमेन देणारे १०० वॅटचे दहा दिवे, पाच-पाचच्या दोन ओळी, ९० अंशांची लेन्स. १५० वॅटचे मोजकेच लावलेत तर मध्ये अंधाराचे खड्डे पडतात. तपासणीच्या टेबलावर आणि बारीक कामाच्या मशीनवर वेगळा दिवा द्या, तिथे ५०० लक्सच्या वर पाहिजे. मायक्रोमीटर छतावरच्या दिव्यात वाचायचा नसतो.

चोकसकट तुमचे जुने आठ दिवे सुमारे २२०० वॅट खायचे, हे १००० खातील. रोजचे १६ तास आणि ३०० दिवस धरले तर वर्षाला ५,७०० युनिटच्या वर वाचतील.

रात्रपाळी
आणि लाइट जाऊन आली की मेटल हॅलाइड गार होऊन परत पेटेपर्यंतची दहा-बारा मिनिटांची चहाची सुट्टी पण जाणार. कामगार नाराज होतील हो!

पत्र्याखालचा
आज दुपारी डीबी उघडली. न्यूट्रलच्या लिंकचा एक स्क्रू हातानं फिरला, खालची वायर इंचभर जळून हिरवी-काळी. आप्पा, नमस्कार घ्या. गेलेल्यातला एक दिवा फोडला, ड्रायव्हर सगळा काळ्या गोंदात बुडवलेला, बदलायची सोयच नाही. उरलेल्या एका दिव्यावर मोबाइल धरला तर पट्टे धावतायत. तो उद्या सकाळीच लेथवरून काढतो.

लिंक बदलून घेतो आणि दहाचं कोटेशन मागवतो. एक शेवटचं: शेडमध्ये दोन टनाची क्रेन आहे, ट्रस थरथरतो. दिवे हुकवर टांगू की पाइपनं घट्ट बांधू?

चोकवाले आप्पा
हुकवरच, पण हुकला लॉक असलेला घ्या. आणि दिव्याच्या अंगाला वेगळा स्टीलचा वायर रोप बांधून ट्रसला अडकवा. हुक सुटला तरी दिवा खाली येता कामा नये.